बरणीतला पांढरा मका

मक्यावर संशोधन करणाऱ्यांत एक रीत आहे. कुणी बियाणं मागितलं की पुडी द्यायची. मागणाऱ्यानं शेतात जे दिसलं ते, बरं असो की वाईट, सगळ्यांपुढं मांडायचं. लातूरच्या धम्मप्रिया सोनकांबळेचं शिक्षणच अशा मागून आणलेल्या पुड्यांवर झालं होतं.

लष्करी अळी तोंड लावत नाही असा पांढरा मका तिनं तयार केला होता. कित्येक हंगाम उन्हात उभं राहून कणसांना कागदी पिशव्या बांधल्या, हातानं पराग टाकला. तिचं नाव होणार ते याच मक्यावर.

नांदेडच्या राघवेंद्रनं, तिच्या वर्गमित्रानं, तो मागितला. नाही म्हणायची सोय नव्हती. पण निखळ कणसांचे दाणे तिनं बरणीत ठेवले. बाकीच्या काही कणसांना पिशवी उशिरा बांधली गेली होती. शेजारच्या पिवळ्या मक्याचा पराग त्यांवर बसला होता. तीच सोलली, ठळक पिवळे दाणे वेचून टाकले, फिकट राहू दिले आणि पुडी पाठवली.

पावसाळ्यात त्याचा फोन आला. "तुझ्या मक्याची अळीनं चाळणी केली. वार्षिक बैठकीत मांडावं लागेल."

"तुझं पेरणं चुकलं असेल."

"मुदखेडला शेत हाय. येऊन बघ."

ती गेली. काही झाडं ताठ, बाकीच्यांची पानं कुरतडलेली. राघवेंद्रनं पुडीतले उरलेले दाणे तळहातावर घेतले. पांढऱ्यांत फिकट पिवळे लगेच दिसत होते.

"लग्नातला आहेर केलास की गं. नको असलेलं लुगडं पुढं सरकवायचं."

"चांगलं संपलं होतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "न्हाई. चांगलं घरी ठेवलं."

"आता बैठकीत काय सांगू? लातूरचा मका अळी खाते, का लातूरची बाई बियाणं दडवते?"

बरणी तिच्या पिशवीत होती. निघताना कशाला घेतली, ते तिनं स्वतःलाही विचारलं नव्हतं. अर्धे दाणे तिनं त्याच्या रुमालात ओतले.

"यावर पण अळी पडली तर?" तिनं विचारलं.

"तर तेही मांडीन."

"मांड."

बैठकीत त्याच्याआधी तीच उठली. पहिली पुडी भेसळीची होती, जाणूनबुजून दिली, ती धरू नका. दुसरी मुदखेडला पेरलीय, एवढं सांगून खाली बसली. मागच्या रांगेतून धर्माबादचे व्यंकटी म्हणाले, "मग आम्हालाही पाठवा की बाई, बरणीतलं."

लातूरला आल्यावर तिनं उरलेल्या दाण्यांच्या पुड्या बांधल्या.