पत्रिकेतले कंस

मुलाच्या लग्नाची पत्रिका मीच टाइप केली. आमच्याकडे नावापुढं कंसात हुद्दा लागतोच: चेअरमन, मुकादम, ग्रामसेवक. नवरानवरीच्या नावापुढं डिग्री. माझे वडील नसल्यामुळे पहिलं नाव थोरल्या चुलत्यांचं, कंसात माजी सरपंच. मसुदा बघताच त्यांचा फोन आला.

"कावून माजी लिवलंस? खाली समदे चालू आन् वर म्या एकटाच बंद?"

"माजीच आहात ना, काका?"

"मंग समद्यांचे कंस काढ. न्हाई तर म्या लग्नाला येत न्हाई."

ते नाहीत म्हणजे व्याहीभेटीला आमच्याकडून उभं राहणारं वडीलधारं माणूसच नाही.

परळीत आडत दुकानाचे हिशोब सांभाळताना मी रेग्युलर एक्स्प्रेशन थोडं शिकलो होतो. संगणकाला नमुना द्यायचा. त्यात बसेल ते तो पुसतो. मी लिहिलं \(.*\). बिंदू म्हणजे कुठलंही अक्षर, चांदणी म्हणजे कितीही. थोडक्यात, उघडत्या कंसापासून बंद कंसापर्यंत असेल ते. आधी उघडते आणि बंद कंस मोजले, सारखे भरले. बटण दाबलं आणि चुलते खोळंबलेत म्हणून न वाचताच भावकीच्या ग्रुपवर टाकलं.

हा नमुना हावरट असतो, हे मला ठाऊक नव्हतं. मजकूर सगळा एका ओळीत होता. तो जवळच्या बंद कंसाशी थांबला नाही, पार शेवटच्या कंसापर्यंत गेला. मधले मामा, मुकादम, मुहूर्त, खुद्द नवरानवरी, सगळं साफ. उरलं चुलत्यांचं नाव आणि त्यापुढं "लग्नाला यायचं हं!"

चुलतींचा फोन आला. "ह्यांचं लगीन हाय म्हणं? नवरी कुठली, तेवढं तरी छापायचं!"

मागून चुलते ओरडले, "गेवराईहून लोक तारीख इचारायलेत!"

उपाय एका चिन्हाचा निघाला. चांदणीपुढं प्रश्नचिन्ह टाकलं की नमुना पहिल्याच बंद कंसाशी थांबतो. नवी पत्रिका पाठवली. हुद्दे आणि डिग्र्या गेल्या, माणसं जागेवर राहिली.

"ह्या गर्दीत म्या कुठं हाय बे?" चुलते म्हणाले. "पहिलीच लई भारी हुती."

"पहिलं नाव तुमचंच आहे. येताय ना?"

फोन चुलतींनी घेतला. "येतेत. सकाळधरनं लोकायच्या शुभेच्छा घ्यायलेत. मिशीला कलप लावलाय."

लग्नाला ते सगळ्यांच्या आधी आले, व्याहीभेटही त्यांनीच घेतली. चुलती मात्र अक्षता पडेपर्यंत त्यांच्या शेजारून हलल्या नाहीत.