आबा, नाना आणि कंप्युटरची आवराआवर

माझे वडील हयात आहेत, हे आधीच सांगून टाकतो. अमळनेरला काही लोकांना ते अजून पटलेलं नाही.

मी धुळ्याला देवपुरात राहतो आणि एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. दिवसभर पुस्तकं जागच्या जागी लावणाऱ्या माणसाला घरातला पसारा सोसत नाही, आणि आमच्याकडचा सगळ्यात मोठा पसारा कंप्युटरवर होता. मुलगी केतकी गाड्यांच्या शर्यती खेळायची, त्या एका ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या. बायको सुनीता शेतीचा खेळ खेळायची, तो दुसऱ्याच दुकानाने फुकट दिलेला. (खरी शेती गावाकडे आहे, तिकडे ती ढुंकूनही पाहत नाही.) काही खेळ मेहुण्याने दिलेल्या जुन्या सीडींवरचे. आणि आबा, म्हणजे माझे वडील, एका संकेतस्थळावर बुद्धिबळ खेळायचे. समोर त्यांचे जुने मित्र, वरणगावचे नाना. एकेक डाव आठवडाभर चालायचा.

मग मला एक प्रोग्राम सापडला. सगळीकडचे खेळ एकाच लायब्ररीत आणून देणारा. लायब्ररी हा शब्द वाचला आणि मला राहवलं नाही.

शनिवारी बसलो. शेतीचा खेळ ‘कृषी’त टाकला, शर्यती ‘वाहतुकी’त, बुद्धिबळ बराच विचार करून ‘संरक्षणा’त. पण एकच खेळ पुन्हा पुन्हा दिसायला लागला. एक या दुकानाचा, एक त्या दुकानाचा, एक सीडीवरचा. कॉलेजात जादा प्रती बाद करतो, तशा केल्या. त्यात केतकीच्या जिंकलेल्या शर्यती आणि सुनीताचं उभं पीक गेलं. बुद्धिबळाची खातीही दोन निघाली. एक आबांचं आणि एक माझं, कधीतरी उघडून विसरलेलं. कुठलं काढायचं, कुठलं ठेवायचं, असं काहीतरी यंत्राने इंग्रजीत विचारलं. प्रश्नात इतके नकार होते की शेवटी मी ‘हो’ म्हटलं. माझं राहिलं, आबांचं गेलं.

रविवारी सकाळी आबा पांझरेच्या काठाने फिरायला गेले होते. त्यांचा फोन घरीच चार्जिंगला होता, तो वाजला. वरणगावचे नाना होते. आवाज घाबरलेला.

“आबांचं नाव दिसत नाही रे. तिथे लिहून येतंय, हा खेळाडू आता नाही.”

“हो नाना. कालच काढलं.”

पलीकडे नानांनी कुणाला तरी टीव्ही बंद करायला सांगितलं. मला वाटलं, ऐकू येत नसेल.

“असं अचानक?”

“अचानक कुठे? बरेच दिवस माझ्या मनात होतं.”

“अरे, कळवायचं तरी.”

“एवढ्याशा गोष्टीसाठी कुणाला त्रास द्यायचा? आता सगळं माझ्या एकट्याच्या नावावर केलंय. सुटसुटीत झालं.”

मग नानांनी घरचे कसे आहेत ते विचारलं. मी म्हटलं, केतकी फार रडली, सुनीता तर बोलतच नाही, पण होईल सवय. त्यांनी फोन ठेवला. म्हातारा हळवा झालाय, असं मला वाटलं.

नानांनी लगेच अमळनेरला माझ्या आत्याला, म्हणजे अक्काला फोन लावला होता. दुपारी आम्ही जेवायला बसतोय तोच गल्लीच्या टोकापासून रडण्याचा आवाज आला. आबांनी बहिणीचा आवाज ओळखला. तिच्या घरचं कुणीतरी गेलं, असं समजून ते अनवाणीच धावले. अक्काने समोर दिसेल त्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ‘माझा भाऊ गेला’ म्हणून हंबरडा फोडला. तो खांदा भावाचाच होता. आता आबाही रडायला लागले. मागे पांढरी टोपी घालून नाना उभे होते. हातात पिठलं-भाकरीचा डबा, कारण सुतकाच्या घरी चूल पेटत नाही.

“कोन गया?” आबांनी शेवटी अहिराणीत विचारलं, कोण गेलं म्हणून.

अक्का थबकली. नाना खाली मान घालून म्हणाले, “तूच की.”

“मी तं आठेच शे,” मी तर इथेच आहे, असं आबा म्हणाले, पण त्यांच्याही आवाजात थोडी शंका होती.

मग नानांनी माझं फोनवरचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. ‘बरेच दिवस माझ्या मनात होतं’ इथे शेजारच्या वहिनींनी पदर तोंडाला लावला. सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली. मी खातं, प्रोग्राम, लायब्ररी असं समजावत राहिलो. आबांची जादा प्रत निघाली होती म्हणून बाद केली, असं म्हणालो, तर अक्का पुन्हा रडायला लागली.

शेवटी सगळ्यांना आत नेऊन मी कंप्युटर लावला. नानांनी स्वतःच्या नावाने बुद्धिबळ उघडलं. समोरचा खेळाडू नाही म्हणून संकेतस्थळाने चालू डाव नानांना बहाल केला होता.

आबांनी चष्मा लावून ते नीट वाचलं. “म्हणजे मी हरलो?”

“नियमाने, हो,” नाना टोपी काढत म्हणाले.

जिवंतपणी सुतक पाळायची वेळ आणली, त्याबद्दल आबा मला एका शब्दाने बोलले नव्हते. यावर मात्र ते उठले. म्हणाले, “मात दिसत होती मला.” आणि पिठल्याला हात न लावता आत जाऊन झोपले.

त्या संध्याकाळी केतकीने कंप्युटरला नवा पासवर्ड घातला. तो सुनीताला माहीत आहे, आबांना पाठ आहे, वरणगावला नानांना फोनवर कळवलाय. आयुष्यात माउसला हात न लावलेल्या अक्कालाही तो येतो. मी अजून अंदाज करतोय.