हिमालयाच्या बॅगेतला कांदा

माझ्या साडूंइतकी तयारी करणारा माणूस उभ्या यवतमाळ जिल्ह्यात नाही, आणि तयारीच्या मानाने इतका कमी प्रवास केलेला माणूसही दुसरा सापडायचा नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान राजूरजवळ राहतात, घरची कापसाची शेती पाहतात आणि शेजारच्या गावी लग्नाला जायचं असलं तरी स्वतःची उशी, पाण्याची कॅन आणि तिथल्या दाराला कडी नसली तर असावी म्हणून सुतळी सोबत घेतात. एकदा महागावला साखरपुड्याला गेले, तर त्यांचं सामान पाहून मुलीच्या बापाने घाबरून गादीच घातली. अशा या माणसाने साठी जवळ आल्यावर नेपाळात जाऊन हिमालय चढायचं ठरवलं. पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीने सगळं जमवून आणलं आणि तीही सोबत जाणार होती. साडू भेटेल त्याला सांगत, "भाऊ, मले एकडाव बर्फावर पाय ठेवायचा हाये. बाकी काही नाई पायजे."

बाकी काही नको म्हणणाऱ्या माणसाची बॅग मात्र पाहण्यासारखी होती. मुलीने फोनवर परोपरीने समजावलं की वाटेत जागोजागी मुक्कामाची चहाघरं असतात, तिथे खाट मिळते, गरम जेवण मिळतं, तेव्हा सामान कमी घ्या. "पहाडावर आपल्यासाठी कोण चूल पेटवून बसलं हाये?" असं म्हणत साडूंनी ज्वारीचं पीठ बांधलं. पीठ आलं म्हणून तवा आला. जवसाची चटणी आली, तिखटजाळ भुरक्याची बरणी आली आणि शेवटी मच्छरदाणी आली. "अवो, तिथं मच्छर गोठून मरते," ताई म्हणाली. बायकोच्या या बहिणीला आम्ही सगळे ताईच म्हणतो. साडू गंभीरपणे म्हणाले, "अन् नाई मेले तं?"

या सगळ्यावर कळस होता कांद्याचा. उन्हाळ्यात लू लागू नये, म्हणजे ऊन बाधू नये, म्हणून आमच्याकडे माणसं खिशात कांदा घेऊन फिरतात. साडूंनी आपल्या सदऱ्याच्या खिशातला, कित्येक दुपारी कसोटीला उतरलेला कांदा काढून बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवला. हिमालयात लू नसते हे मी धीर करून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. "सूर्य तं तोच हाये ना? अन् आपून त्याच्याच जवळ चाललो!"

चढायच्या सरावासाठी आमच्याकडे डोंगर कुठून आणणार? पण कोळशाच्या खाणीतून उपसलेल्या मातीचा एक जुना, बाभळी उगवलेला ढिगारा गावाबाहेर आहे. साडू पाठीवर तुरीने भरलेली एक जुनी बॅग घेऊन रोज सकाळी त्यावर चढू लागले. तिथल्या चौकीदाराने पहिल्याच दिवशी हटकलं, "काकाजी, काय शोधून राह्यले?" साडू धापा टाकत म्हणाले, "हिमालय." बॅगेला भोक होतं. दोन दिवसांत गावातल्या बकऱ्यांना ते कळलं आणि साडूंमागे रांग लागली. बकऱ्यांच्या मागून लुगडं खोचून, हातात पाण्याची बाटली घेऊन, नवऱ्याच्या नावाने बडबडत ताई चढत असे. साडू तीनदा बसत. ती एकदाही बसत नसे, पण तेव्हा तिच्याकडे पाहत होतं कोण?

मग थंडीचा सराव. ऐन मे महिन्यात ओळखीच्या एका बर्फाच्या कारखान्यात साडू नवं फुगीर जाकीट आणि कानटोपी घालून दुपारभर बसले. बाहेर आल्यावर जाकीट काढायला नको का? पण समोरच्या पानठेल्यावर चौघांनी विचारलं, "भाऊ, हे काय?" आणि भर उन्हात, तशाच वेशात, साडू त्यांना बर्फाळ हवामान समजावू लागले. बोलता बोलता त्यांचा हात खिशाकडे गेला. खिशात कांदा नव्हता, तो हिमालयात जायला निघाला होता. साडू तिथेच कोसळले.

लू दोन दिवसांत उतरली. पण डॉक्टरांनी तेवढ्यात छाती तपासली, हृदयाच्या ठोक्यांची कागदी पट्टी काढली आणि सांगितलं की उंचावर जायचं नाही, यंदाही नाही आणि पुढेही नाही. मुलगी धावत आली होती. ती म्हणाली, "आई, मंग तू चाल." ताई म्हणाली, "मी कायले?" आणि नवऱ्याकडे पाहू लागली. साडू भिंतीकडे तोंड करून पडले होते. संध्याकाळी ते उठले, बॅग ओढून घेतली आणि जन्मात प्रथमच सामान बाहेर काढायला लागले. तवा निघाला, पीठ निघालं, मच्छरदाणी निघाली. ताईच्या खांद्याला पट्टा काचू नये म्हणून त्यांनी त्यावर घरच्या कापसाची गादी शिवली. कांदा मात्र आत राहू दिला. मला फार वाईट वाटलं.

ताई गेली. चहाघरातून तिचा फोन आला की इथे वरण-भात मिळतो आणि मागितला की परत वाढतात. साडू थक्क झाले. "परत वाढते? पहाडावर?" तुमचा कांदा त्या वरण-भातासोबत खाल्ला, असंही तिने सांगितलं. त्यावर त्यांनी फक्त "गोड निघाला का?" एवढंच विचारलं.

ती बर्फावर पाय ठेवून परत आल्यावर आम्ही तिघे त्या ढिगाऱ्यावर गेलो. आता ताई पुढे होती आणि साडू मागे. ती दर वळणावर थांबून म्हणे, "हळू चाला. तिथं वर सगळेच हळू चालते." वर पोचल्यावर साडू बराच वेळ दूरच्या शेतांकडे बघत बसले. मग हलकेच विचारलं, "पायाखाली कसा लागते वो, बर्फ?"

ताईने विचार केला. "आपल्या घरात कापूस भरते ना दिवाळीनंतर? त्या गंजीवर चढल्यावानी. पाय आत जाते."

साडूंचा चेहरा उजळला. "मंग तं मी लहानपणीच चढलो!" असं म्हणून ते पोटभर हसले आणि उतरायला लागले.

मी अजून बर्फ पाहिलेला नाही. त्यामुळे ताई खरं बोलली की नाही, हे मला सांगता येणार नाही, आणि तिला विचारायची माझी इच्छाही नाही.