गाढवाची सावड

लंकाबाईच्या तोंडाला लागू नये, असं वीटभट्टीवरचा मुनशीसुद्धा म्हणतो. नवरा गेल्यापासून वीस वर्षं ती पाच गाढवांवर कच्च्या विटा लादून भट्टीपर्यंत वाहते. पाचांची हजेरी लागली तर काम. एक जरी कमी पडलं तरी मुनशी दुसऱ्याची गाढवं लावतो. हा भट्टीचा कायदा कुणी लिहिलेला नाही, आणि म्हणूनच तो मोडतही नाही.

दुपारी काम सुटलं की गाढवांचे पुढचे पाय दोरीने आखूड बांधायचे आणि सोडून द्यायचं. लांब जात नाहीत, बांधावर पोट भरतात, संध्याकाळी गोळा करता येतात. सगळेच तसं करतात. पण गेल्या माघात एका संध्याकाळी लंकाबाईला चारच सापडली. पाचवी, काळी नावाची गाढवी, कुठेच नव्हती.

"गोऱ्या मडमनं टेम्पोत घालून नेली," चहावाल्या दीपकने सांगितलं. पठ्ठ्याने मोबाईलवर व्हिडिओही काढला होता. अडवायचं मात्र सुचलं नव्हतं.

ही मडम म्हणजे इंगेबाई. डेन्मार्कात तीस वर्षं तिने सायकलवरून टपाल वाटलं, निवृत्त झाल्यावर नाशिक बघायला आली, आणि पंचवटीत एका लंगड्या गाढवापाशी थांबली ती थांबलीच. परक्या मुलखात संस्था काढणं म्हणजे खायचं काम नव्हे. विश्वस्त इथले हवेत, जागेचा करारनामा हवा, व्हिसाची मुदत डोक्यावर. दोन वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवून तिने मखमलाबादच्या पुढे भाड्याच्या मळ्यात जखमी जनावरांसाठी आसरा उभा केला. फाटकावर रंगवून घेतलं : 'इथे आलेलं जनावर पुन्हा ओझं वाहणार नाही.' बाई मनाने सोनं. पण पाय बांधलेलं, पाठ चिघळलेलं गाढव दिसलं, तेव्हा कुणीतरी हाल करून टाकून दिलंय असंच तिला वाटलं. चरायला सोडलंय, हे तिला कोण सांगणार?

लंकाबाई तरातरा मळ्यात शिरली. "माझी गाढवी चोरली! पोलिसात देते एकेकाला!"

आणि जागीच थांबली. काळी झाडाखाली उभी होती. इंगेबाई तिच्या पाठीवरची जखम धूत होती, चिमट्याने एकेक किडा काढत होती. कुणालाही लाथ घालणारी काळी कान पाडून शांत होती. त्या जखमेवर लंकाबाई तीन आठवडे हळद-तेल लावत होती, आणि त्यावरच गोणपाट टाकून विटा लादत होती. आपण काय करतोय हे तिला कळत होतं. तिला फार लाज वाटली.

"मावशी, महिनाभर पाठीवर काही ठेवायचं नाही," जनावरांची डॉक्टर हर्षाली म्हणाली. "नाहीतर जखम हाडापर्यंत जाईल. मग ती वाचणार नाही."

"म्हयनाभर? मुनशी ठेवील का मला?" लंकाबाईने मळ्यातली खाऊन-पिऊन गुबगुबीत झालेली गाढवं न्याहाळली. "यातलं एक द्या. काळी बरी व्हईस्तवर. सावड करू."

सावड म्हणजे आज तू माझ्या रानात राब, उद्या मी तुझ्या. एकच बैल असलेले दोन शेतकरी अशीच जोडी जुळवतात आणि दोघांची पेरणी उरकते. हर्षालीने ते इंगेबाईला समजावलं. इंगेबाईने मान हलवली. नाही. त्या जनावरांना शब्द दिलाय, आणि मदत पाठवणाऱ्या तिच्या डेन्मार्कातल्या गावाकडच्या माणसांनाही.

"मग तुमची दया तुमच्यापाशी ठेवा," लंकाबाई म्हणाली आणि काळीला घेऊन निघून गेली. मालकिणीला अडवणार कोण?

दुसऱ्या दिवशी इंगेबाई भट्टीवर गेली. मुनशीची हजेरी भरायला पाच गाढवं ओळीने चालली होती. काळीच्या पाठीवर मात्र रिकामं गोणपाट होतं, आणि तिच्या वाट्याच्या विटा डोक्यावर घेऊन लंकाबाई मागून चालत होती. पाय लटपटत होते, तोंड तेवढं चालू होतं. इंगेबाई तीन फेऱ्या बघत उभी राहिली. मग मळ्यात जाऊन भुऱ्या नावाच्या गाढवाला दोरीने घेऊन आली. तिचे डोळे लाल झाले होते. "सावड," एवढंच म्हणाली आणि काळीला बरं करायला मळ्यात घेऊन गेली.

"गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं," विश्वस्त संतोष म्हणाला. फाटकावरचा शब्द मोडला, वर भुऱ्या काही परत यायचा नाही, असा त्याचा हिशेब. इंगेबाईने सगळं खरं खरं गावाकडे लिहून कळवलं. काहींनी मदत थांबवली. तिला झोप लागेना.

महिना भरायच्या चार दिवस आधी लंकाबाई भुऱ्याला घेऊन आली. त्याच्या पाठीवर साधा ओरखडा नव्हता. काळीची जखम भरली होती, नवे केसही येऊ लागले होते. लंकाबाईने तिथे बोट फिरवून पाहिलं. मग पदर खोचला आणि कोपऱ्यातला खराटा उचलला.

"मावशी, हे काय?" हर्षालीने विचारलं.

"भुऱ्या माझ्याकडं सव्वीस दिवस राबला. आता मी सव्वीस दिवस. दुपारी भट्टी सुटली की येईन."

इंगेबाई घाईघाईने पुढे आली. "नको, नको! काही नको!"

लंकाबाई भडकली. "नको म्हंजी? मी काय भीक मागितली व्हती? सावड केली, मडम. तुमी फेडू देणार नाय, तर ती सावड नाय. मग मला काय समजलात तुमी?"

हर्षालीने शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. इंगेबाई ऐकत राहिली. दोन वर्षांत या फाटकातून माणसं आली ती काहीतरी मागायला, नाहीतर हसायला. बरोबरीच्या नात्याने कामाला कुणीच आलं नव्हतं. तिने डोळे पुसले, टोपलं उचललं आणि लंकाबाईच्या पुढ्यात ठेवलं.

"लीद तिकडे," ती मोडक्या मराठीत म्हणाली.

"दिसतंय मला," लंकाबाई म्हणाली. "तुमी तेवढं पाणी वता."