लागलेलं दूध

आमच्या थोरल्या साडूंइतकं दूध कळणारा माणूस अख्ख्या जुन्नर तालुक्यात नाही, आणि चहात दूध घालणाऱ्याचा एवढा राग करणाराही दुसरा नाही. राजुरीत त्यांच्या दारात अकरा गाई आहेत. दोन्ही वेळेला डेअरीला कॅन जातात, घरात साय खायला माणसं कमी पडतात, आणि हा गृहस्थ ओट्यावर बसून काचेच्या ग्लासातला बिनदुधाचा, बिनसाखरेचा चिनी चहा उन्हाकडे धरून त्याचा रंग बघत असतो. माझी बायको थोरल्या बहिणीच्या या नवऱ्याला दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो. माझं आळेफाट्याला ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. तिथून राजुरी काही फार लांब नाही, त्यामुळे त्यांच्या चहाचा प्रसाद मला नातेवाइकांत सगळ्यात जास्त मिळाला.

हे खूळ त्यांना द्राक्षांमुळे लागलं. ते परदेशी जाणारी द्राक्षं भरायच्या एका पॅकहाउसवर सुपरवायझर होते तेव्हा माल बघायला चीनहून एक बाई आल्या होत्या. आपल्याकडचा चहा त्यांनी एक घोट घेऊन अत्यंत आदरानं खाली ठेवला आणि पर्समधून स्वतःची पुडी काढली. दाजींनी तो चहा चाखला, आणि संध्याकाळी घरी येऊन अक्कांना, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीला, सांगितलं की आपण आजवर चहा प्यालोच नाही, नुसतं गोड दूध प्यालो. बाई जाताना उरलेली पुडी देऊन गेल्या. ती संपली तेव्हा दाजींनी पुण्यातला एक दुकानदार शोधून काढला. आता तो माणूस यांचा फोन आला की म्हणे दुकानाच्या मागच्या दारानं बाहेर जातो.

कारण यांची निवड. कोरा प्यायचा तर चहाला स्वतःची चव पाहिजे, दुधाआड लपायची सोय नाही, हे त्यांचं तत्त्व. आधी पान हातावर घेऊन डोळ्यांनी बघायचं. अख्खं, पीळदार, टोकाला सोनेरी असेल तर पुढे जायचं, भुकटी निघाली तर पुडी परत. मग वास, आणि तोंड सगळ्यात शेवटी. चिनी नावं जिभेवर बसेनात म्हणून त्यांनी डब्यांवर मार्करनं आपली नावं घातली. युन्नानचा चहा भाजलेल्या रताळ्यासारखा लागतो म्हणून तो ‘रताळं’. कीमूनला मनुकांची झाक, तो ‘मनुका’. आणि लॅपसांग म्हणून एक चहा पाइनच्या लाकडाच्या धुरावर सुकवतात, तो ‘चूल’. माणूस बघून डबा उघडायचा. भांडून आलेल्याला रताळं, गाईचा डॉक्टर आला तर मनुका. चूल मात्र ते कुणालाही देत नसत. तिला प्रसंग लागतो म्हणत. कुणी साखर मागितली तर त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवत आणि म्हणत, “हे आदी खा, मंग च्या प्या. येकात येक नगं.”

आता आमच्या भागात कोरा चहा म्हणजे दुखवट्याचा चहा. एकदा वरच्या आळीचे एक म्हातारबाबा गाय बघायला आले. दाजींनी पुढे केलेला काळा ग्लास बघून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हळूच विचारलं, “कोण गेलं वो?” तेव्हापासून अक्का गोठ्यामागे दुसरी शेगडी ठेवतात. पाहुणे पुढच्या दारी दाजींचा चहा पितात आणि गाय बघायच्या निमित्तानं मागे जाऊन अक्कांचा. त्या गाईंना एवढे बघणारे दुसरीकडे कुठे मिळाले नसते.

पण दूध तापवावं ते दाजींनीच. जाड बुडाचं पातेलं, मंद आच आणि हातातली पळी अखंड फिरती. समोर भूकंप झाला तरी त्यांची मान वर होत नसे. कुणाकडेही लग्न निघालं की बासुंदी आटवायला बोलावणं त्यांनाच, आणि त्या कामाचा ते फक्त एक नारळ घेत. त्यांच्या हातचं दूध कधी लागलं नाही, हे राजुरीत सगळे सांगत. ‘सांगत’ म्हणतो, कारण आता सांगत नाहीत, आणि ती करणी माझी.

माझ्या मुलीला बघायला बोरी बुद्रुकची मंडळी यायची होती. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होती, अडलं होतं ते मुलाच्या आईपाशी. त्या बाईंना घरकामात चोख सून हवी होती. दाजी सकाळीच मोटरसायकलला कॅन बांधून आले. दूध स्वतः तापवून आणलं होतं. शिवाय पिशवीतून चुलीचा डबा काढून म्हणाले की प्रसंग आजचाच, मंडळी उठायच्या आधी एकेक घोट मी करून देतो. सोयरीक जुळवायला आलेल्यांना दुखवट्याचा चहा पाजणार हा माणूस! मी डबा घेतला, होहो म्हणालो आणि स्वयंपाकघरात वरच्या फळीवर नेऊन ठेवला.

पाहुणे सांगितल्यापेक्षा दुप्पट आले. चहाचं आधण उकळत होतं आणि बायको रिकामा डबा ठोकत होती. मला आत बोलावून तिनं विचारलं, पावडर संपली, आता काय? मी वरच्या फळीवरचा डबा तिच्या हातात दिला. चहा तो चहा, असं मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की मला अजून आरशात बघवत नाही. तिनं चार मुठी टाकल्या, आलं टाकलं, साखर टाकली, दूध ओतलं आणि खळाखळा उकळलं.

मुलगी ट्रे घेऊन आली. मुलाच्या आईनं कप तोंडाशी नेला, थांबली आणि म्हणाली, “दूध लागलंय जनू.”

सगळ्यांच्या नजरा मुलीकडे गेल्या. तिचा चेहरा उतरला. धुराचा वास मलाही आला होता आणि तो कुठून आला हे मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हणू शकलो असतो की चहाच तसा आहे. नाहीतर म्हणायचं की चूक माझी. पण माझ्या तोंडातून निघालं, “दूध आमच्या साडूंनी घरून तापवून आणलंय. त्यांच्याकडनंच लागलं असणार.”

दाजींच्या नाकाशी कप होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग ट्रेकडे बघितलं.

“व्हय,” ते म्हणाले. “माझंच ध्यान न्हवतं.”

आणि दुधाचा तो चहा त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत प्याला.

सोयरीक जमली. आठवडाभरात ही गोष्ट बोरीहून राजुरीला पोचली, रंगत रंगत. लग्नात बासुंदीची कढई चढली तेव्हा दाजी सवयीनं बाह्या सारून पुढे झाले, तर व्याही हसत ओरडले की लागलेल्या दुधाला कढईजवळ येऊ देऊ नका. मांडव हसला. मीही हसलो. दाजी परत जाऊन खुर्चीवर बसले, आणि बाह्या खाली करायच्या विसरले. त्यानंतर त्यांना कुणी बासुंदीला बोलावल्याचं मी ऐकलं नाही.

माफी मागायला मला वर्ष लागलं. राजुरीला जाऊन ओट्यावर बसलो तर त्यांनी आपण होऊन चुलीचा डबा उघडला. तो चहा मी पहिल्यांदा कोरा प्यालो. खरं सांगतो, फार सुंदर होता. मग मी मान खाली घालून सगळं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं.

“वास आला तवाच कळलं मला,” ते म्हणाले. “पर पोरगी ट्रे घिऊन हुबी व्हती, भाऊ.”

मग त्यांनी एकच गोष्ट विचारली. “आलं बी घातलं व्हतं का?”

मी हो म्हणालो. त्यांनी डोळे मिटले. दूध लागल्याचा आळ त्यांनी सोसला होता, आल्याचं मात्र त्यांना सोसवेना.

मुलीच्या डोहाळजेवणाला मी धीर केला. व्याही, त्यांची बायको, बोरीचे पाचपंचवीस लोक समोर असताना उभं राहून सांगितलं की त्या दिवशी दूध लागलं नव्हतं, मी खोटं बोललो होतो. व्याह्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, “साडूला सांभाळून घेताय व्हय? लई मोठं मन हाय राव तुमचं.” बायकांनी माना डोलावल्या. मी पुन्हा पुन्हा सांगत राहिलो आणि माझं मन त्यांना आणखी मोठं दिसत गेलं. दाजी कोपऱ्यातून म्हणाले की जाऊ द्या आता, जेवण निवतंय.

ते अजूनही येतात. कार्य असो नसो, कॅन घेऊन येतात. फक्त पूर्वी तापवून आणत, आता दारातूनच सांगतात, “कच्चंच आणलंय, भाऊ.” त्यात राग नसतो. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी बायकोला बाजूला व्हायला सांगतो, जाड बुडाचं पातेलं घेतो आणि गॅस बारीक करून पळी फिरवत उभा राहतो. बाहेर दाजी आपला ग्लास उजेडाकडे धरून बसलेले असतात. दुकानातून फोन येतो, दारात कुणी हाक मारतं, पण दूध वर येईपर्यंत मी तिथून हलत नाही.