भुंगेऱ्याचं पाचवं पेर

चष्म्याची भिंगं घासण्यात तिच्या वडिलांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि ते कसब मुलीने जसंच्या तसं उचललं होतं. पुढे वडिलांचं दुकान बंद पडलं, तेव्हा ती संग्रहालयात अंबर घासायला लागली. अंबर म्हणजे झाडाची राळ, कोट्यवधी वर्षं जमिनीखाली राहून दगडासारखी झालेली. आत अडकलेला किडा नीट दिसावा म्हणून खडा ओल्या, बारीक पॉलिश कागदावर अलगद घासायचा. जोर केला की तो तापतो आणि तापला की तडकतो. अकरा वर्षांत तिच्या हातून एकही तडकला नव्हता. सगळे तिला 'घासवाली' म्हणत. तिला त्यात काही वावगं वाटत नसे.

एकदा एका खड्यात तांदळाच्या कणीएवढा भुंगेरा निघाला. किडे ओळखणाऱ्या बाईंनी तो पाहिला, माहीत असलेल्या जातीचं नाव चिठ्ठीवर लिहिलं आणि डबी मिटली.

घासवाली घुटमळली. "बाई, रागावणार नसाल तर एक सांगू? याच्या मागच्या पायाच्या पंजाला पाच पेरं आहेत."

"चारच. या जातीला चारच असतात, मी स्वतः मोजलीत."

"मधे एक बारकं आहे. बुडबुड्याच्या आड गेलंय."

बाईंनी पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "मला तर काही दिसत नाही."

"खालून केसभर घासलं तर दिसेल."

"अगं, तिथेच चीर आहे! फुटला म्हणजे?"

"फुटला तर मला काढून टाका."

बाईंनी खडा तिच्या हातात ठेवला. "काढते कशाला? दोघी मिळून रडू. घास."

चार दिवस लागले. वीस वेळा घासायचं, पुसायचं, बघायचं. शेजारच्या टेबलावरची मंडळी खोकायलाही बाहेर जात. चौथ्या दिवशी दुपारी तिने बाईंना हाक मारली. बाईंनी मोजलं, उठल्या, परत बसल्या, परत मोजलं.

"पाच," त्या म्हणाल्या, "माझी आई गं, पाच!"

मग वर्षभर बाईंनी देशोदेशीच्या संग्रहांतले नमुने ताडून पाहिले. असा भुंगेरा कुठेच नव्हता. जात नवी होती. शोधनिबंध छापून आला तेव्हा वर दोन नावं होती.

"मी तर नुसतं घासलं," ती संकोचून म्हणाली.

"आणि पाचवं पेर कुणी पाहिलं?"

छापलेली पानं घेऊन ती घरी आली. वडिलांची नजर आता अधू झाली होती. त्यांनी भिंग घेतलं, पहिल्या ओळीवरून बोट फिरवलं.

"यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण हे आडनाव आपलंच ना?"

"आपलंच, बाबा."

ते पानं घेऊन उठले. पायात चपला सरकवून थेट शेजाऱ्याच्या दारात गेले. आत हात धुताना तिला त्यांचा आवाज ऐकू आला, "जरा वाचा हो हे. मोठ्याने वाचा." शेजाऱ्याने तिचं नाव वाचलं.

"हां. आता पुन्हा एकदा. वरच्या मजल्यावर ऐकू गेलं नसेल."