शोध जिथे थांबला

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. वर्तमानपत्रात होतो तेव्हा अशा कितीतरी हकिकती मी टोपलीत टाकल्या. ही टाकता येत नाही... ती माझ्यासमोर घडली.

मी रोह्याजवळ वरसे इथे राहतो. पेणला माझ्या चुलतबहिणीचा, सुनंदाताईचा, गणपतींचा कारखाना आहे. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी भावोजी करत; सगळे त्यांना भाऊ म्हणत. बुबुळ टेकवलं की मोठ्याने म्हणत, "बस!" त्यानंतर ब्रश लागला तर नजर बिघडते, असं त्यांचं म्हणणं. गेल्या हिवाळ्यात ते वारले.

यंदा गडब गावच्या एका घराची मूर्ती आखणीवाचून राहिली. त्यांना दरवर्षीचीच नजर हवी होती. ती साधली नाही तर कारखाना बंद करायचा, असं ताईने ठरवलं होतं. नमुन्याचा फोटो भावोजींच्या हार्ड डिस्कवर होता – पण फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर.

कारखान्यातच बसून मी पायथॉन या संगणकाच्या भाषेत छोटी स्क्रिप्ट, म्हणजे प्रोग्रॅम, लिहिली. फोल्डर उघडायचं, आतल्या प्रत्येक फोल्डरात तेच करायचं, 'गडब' नावाची फाइल दिसली की थांबायचं. ती थांबेना. चूक लगेच कळली. फाइल सापडल्यावर सर्वांत आतला शोध थांबत होता. त्याला आत पाठवणारे बाहेरचे शोध चालूच होते. स्क्रीनवर नावं भराभर वर सरकत होती.

"सापडलं ना? मग थांबव की रे!"

"थांबवतोय गो ताई, जरा दम धर."

"तुझ्यापेक्षा तुझे भावोजी बरे. वेळेवर थांबायचे तरी."

मी थांबवायचं बटण दाबायच्या आत नावं थांबली. शेवटी एका फाइलचं नाव, आणि त्याखाली एकच शब्द – बस.

फाइल उघडली. फोटोत समोरच्याच पाटावरची मूर्ती होती. तिच्या सोंडेचा टवका त्याच सकाळी उडाला होता. ताईने तिथे लिंपलेली शाडू फोटोतही ओली होती. फरक एकच... फोटोत डोळे आखलेले होते.

ताईने ब्रश घेतला आणि फोटो बघत आखणी केली. बुबुळ टेकवून हात उचलला, तो पुन्हा लावला नाही.

गडबची मंडळी मूर्ती न्यायला आली. त्यांच्यातले एक म्हातारे बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले,

"हीच ती नजर. भाऊंनी आधीच आखून ठेवलीवती काय गो?"

ताई म्हणाली, "व्हय."

स्क्रिप्ट मी ओळ न् ओळ तपासली. 'बस' हा शब्द तिच्यात कुठेच नाही. फोटो एकदा बंद केल्यावर ती फाइल पुन्हा उघडलीही नाही. कारण मला आजही सांगता येत नाही. चूक दुरुस्त करून सगळी डिस्क परत शोधू का, असं मी ताईला विचारलं होतं.

"नको," ती म्हणाली. "बस म्हणाले ना ते? मग आता हात नाय लावायचा."